लालसरी : ओळख आणि निरीक्षण

दिवाळी उलटून थंडीने जरा जोर धरला की महाराष्ट्रातील धरणांच्या फुगवट्यांवर आणि विदर्भातील जुन्या मालगुजारी तलावांवर उत्तरेकडून येणाऱ्या बदकांचे थवे उतरू लागतात, हे आता वर्तमानपत्रांच्या कृपेने सर्वश्रुत झाले आहे. परंतु वर्तमानपत्रांचा सारा स्नेह रोहित पक्ष्यांवर जडलेला असल्यामुळे, त्याच जलाशयाच्या मध्यभागी दिवसभर निमूटपणे डुलक्या घेत तरंगणाऱ्या, आणि म्हणूनच कॅमेरे घेऊन येणाऱ्या मंडळींच्या खिजगणतीत नसलेल्या एका बदकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते बदक म्हणजे लालसरी. युरोपापासून सायबेरियातील बैकल सरोवराच्या परिसरापर्यंतच्या प्रदेशात ज्याची वीण होते, असा हा बुडी मारून चरणारा पक्षी हिवाळ्याचे चार महिने आपल्याकडे काढतो. त्याची नीट ओळख कशी करून घ्यावी आणि ओळख पटल्यावर त्याच्यात पाहावे तरी काय, याविषयी काही सूचना नवख्या निरीक्षकाच्या उपयोगी पडाव्यात म्हणून येथे मांडीत आहे.

बहुतेक नवखे लोक चित्रांचे पुस्तक उघडून रंगांपासून आरंभ करतात. हा क्रम मला उलटा वाटतो. चित्रातील पक्षी नेहमी हातभर अंतरावर, स्वच्छ उजेडात आणि नवरदेवाच्या पोशाखात उभा असतो. प्रत्यक्षात तो पाचशे मीटरांवर, उन्हाच्या तिरिपीत, चोच पाठीच्या पिसांत खुपसून बसलेला असतो, आणि त्यातही निम्म्या पक्ष्यांच्या अंगावर सांगण्याजोगा रंगच नसतो, कारण त्या माद्या असतात. म्हणून पाण्यावरील पक्षी आधी त्याच्या बैठकीवरून, मग बुडीवरून आणि डोक्याच्या घडणीवरून ओळखावा व रंगाची साक्ष शेवटी काढावी, असा शिरस्ता प्रथमपासून अंगी बाणवलेला बरा.

तेव्हा जलाशयावर पोहोचल्यावर पहिला निवाडा एवढाच करावयाचा की समोरचे बदक वरच्यावर चरणारे आहे की बुडी मारणारे. थापट्या, तलवार बदक, चक्रांग, आपल्याकडे बारमाही राहणारे हळदी-कुंकू, ही सारी पहिल्या वर्गातील मंडळी. ती पाण्यावर उंच बसतात, त्यांची शेपटी पाण्याच्या वर उचललेली राहते, आणि अन्न शोधताना ती फार तर मुंडके खाली घालून पार्श्वभाग आकाशाकडे करतात. लालसरीचे सारेच निराळे. तिचे अंग आखूड, गोलसर आणि जड. ती पाण्यात खोल रुतून बसते, आणि तिची पाठ मागे उतरत जाऊन शेपटी जवळजवळ पाण्याला टेकते. याचे कारण तिच्या शरीररचनेत आहे. पाण्याखाली पायांच्या जोरावर पुढे सरकायचे असल्यामुळे तिचे पाय शरीराच्या बऱ्याच मागच्या भागी असतात, आणि मागच्या आखूड बोटालाही त्वचेची एक रुंद झालर असते, जी थापट्याच्या किंवा चक्रांगाच्या पायाला नसते. या सोयीची किंमत तिला जमिनीवर मोजावी लागते: काठावर ती क्वचितच येते, आणि आली तर छाती उंच करून अवघडल्यासारखी चालते. चिखलात किंवा गाळपेर जमिनीच्या कडेने फेंगडत हिंडणारे बदक दिसले तर ते लालसरी नव्हे, हे बहुधा दुर्बीण न लावताही सांगता येते.

उड्डाणाची तऱ्हाही तशीच बोलकी आहे. चक्रांगाला धाक बसला की तो पाण्यावरून सरळ वर उसळतो. लालसरीचे पंख तिच्या वजनाच्या मानाने लहान, म्हणून तिला वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पाण्यावर बरेच अंतर पाय आपटीत धावावे लागते आणि मगच ती हवेत उठते. उठल्यावर पंखांची फडफड इतकी जलद असते की सवयीच्या डोळ्याला तेवढ्यावरूनच शहानिशा करता येते. अर्थात ही तऱ्हा पाहण्यासाठी पक्ष्यांना मुद्दाम उठवणे म्हणजे शुद्ध अडाणीपणा होय. दिवसभरात एखादा दलदली ससाणा थव्यावरून फेरी घालतोच. ती वेळ गाठावी.

आता बुडीकडे वळू. लालसरी बुडी मारण्यापूर्वी अंगावरची पिसे दाबून घेते, त्यामुळे पिसांतली हवा बाहेर पडते आणि ती पाण्यात आणखी खाली गेल्यासारखी दिसते. मग क्षणमात्र पुढे उसळी घेऊन ती डोक्याकडून पाण्यात शिरते. पंख अंगाशी मिटलेलेच राहतात; खाली सारे काम पायांचे. साधारणतः एक ते अडीच मीटर खोलीचे पाणी तिला मानवते, आणि पंधरा ते वीस सेकंदांत ती पुन्हा वर येते. तिचे भक्ष्य म्हणजे पाणवनस्पतींचे कंद, मुळे, कोवळे कोंब आणि बिया, शिवाय गाळातल्या अळ्या व लहान गोगलगायी. यावरून निरीक्षकाने एक व्यवहारी धडा घ्यावा: लालसरी शोधायची ती उथळ चिखलाच्या काठाशीही नव्हे आणि धरणाच्या भिंतीलगतच्या अथांग पाण्यातही नव्हे, जेथे पाणी दोन पुरुष खोलीच्या आत आहे आणि तळाशी पाणवनस्पती माजली आहे, तेथे शोधावी. अशी जागा कोठे आहे हे कोणत्याही नकाशापेक्षा तेथील भोई लोकांना अधिक ठाऊक असते, तेव्हा आधी त्यांच्याकडे चौकशी करावी. फेब्रुवारीत कालव्यांना पाणी सुटून जलाशयाची पातळी उतरू लागली की ही जागाही सरकते, आणि तिच्यामागोमाग थवाही सरकतो.

बैठक आणि बुडी यांवरून वर्ग निश्चित झाला की डोके पाहावे. लालसरीचे कपाळ उंच उठत नाही. माथ्यापासून निघालेली रेषा कपाळावरून थेट चोचीत उतरते, मध्ये खाच म्हणून पडत नाही, आणि चोचही किंचित अंतर्वक्र असल्यामुळे ती उतरण टोकापर्यंत अखंड राहते. ही रेषा नरात, मादीत, पिलातून नुकत्याच वाढलेल्या पक्ष्यात, चांगल्या उजेडात आणि काळोख्या छायाकृतीतही तशीच असते, आणि म्हणून ती कोणत्याही रंगापेक्षा भरवशाची. पक्षी झोपलेला असेल तर मात्र ती दिसत नाही. अशा वेळी धीर धरावा. झोपेतही थव्यातले पक्षी मधूनमधून डोके वर काढून पाहतात, आणि तेवढा क्षण पुरतो.

रंगाचे वर्णन आता थोडक्यात आटोपते. पूर्ण पोशाखातील नराचे डोके व मान गर्द तांबूस, छाती काळी, पाठ व कुशी फिकट राखाडी, आणि शेपटीकडचा भाग पुन्हा काळा. म्हणजे दुरून पाहता दोन काळ्या टोकांमध्ये एक राखाडी पट्टा व त्यापुढे तांबडे डोके, अशी तीन रंगांची ठळक मांडणी दिसते. जवळून पाहण्याचा योग आला तर कुशीवरच्या राखाडी रंगात बारीक नागमोडी रेषांची नक्षी, डोळ्याचा लाल रंग, आणि काळ्या चोचीच्या मध्यावरचा निळसर राखी पट्टा हेही दिसेल. मादी सर्वांगाने तपकिरी-राखाडी. डोके व छाती अधिक तपकिरी, पाठ व कुशी राखट, डोळ्यामागे एक अस्पष्ट फिकी रेघ, चोचीच्या बुडाशी व हनुवटीवर फिकट डाग, आणि डोळा तपकिरी. ऑक्टोबरच्या अखेरीस जे नर येतात त्यांच्यातील कित्येकांच्या अंगावर उन्हाळ्यानंतरचा मळकट पोशाख अद्याप शिल्लक असतो, आणि त्या वर्षी जन्मलेले नरही हिवाळ्याच्या पूर्वार्धात धड इकडचे ना धड तिकडचे असे दिसतात. नवख्याने म्हणूनच डिसेंबरच्या मध्यानंतर आरंभ करावा. उडताना पंखाच्या मागच्या भागावर फिकट राखाडी पट्टा दिसतो, पांढरा दिसत नाही. ही खूण लहान वाटली तरी मोलाची आहे, कारण आपल्याकडे दिसणाऱ्या तिच्या भाऊबंदांच्या पंखांवर स्वच्छ पांढरा पट्टा असतो.

या भाऊबंदांची ओळख असल्यावाचून लालसरीची ओळख पुरी होत नाही. त्यांतील पहिली मोठी लालसरी. नावावरून घोटाळा होतो, पण पाहिल्यावर होऊ नये: ती आकाराने बरीच मोठी, नराचे डोके वाटोळे, फुगीर आणि केशरी झाक असलेले, चोच पोवळ्यासारखी लाल, कुशी पांढऱ्या, आणि नर मळकट पोशाखात असला तरी चोचीची लाली जात नाही. मादीचा माथा गडद तपकिरी आणि गाल फिकट पांढुरके, अशी स्पष्ट विभागणी असते. ती पाण्यात लालसरीइतकी रुतूनही बसत नाही, आणि बुडी मारण्याइतकीच मुंडके खाली घालूनही चरते, हे बैठकीच्या परीक्षेत ध्यानात ठेवावे. फेब्रुवारीच्या सुमारास या जातीत एक पाहण्याजोगा प्रकार घडतो: नर बुडी मारून तळाची वनस्पती चोचीत घेऊन वर येतो आणि ती जोडीदारिणीपुढे ठेवतो. लग्नाची बोलणी असतात ती. ज्याला हे पाहायला मिळेल त्याने छायाचित्राची धडपड न करता नुसते पाहावे, असा माझा आग्रह आहे.

दुसरे शेंडी बदक. नर काळा, कुशी पांढऱ्याशुभ्र, डोळा पिवळा, आणि डोक्यामागे लोंबती शेंडी; मादी गडद तपकिरी, तिची शेंडी नाममात्र, पण डोळा तिचाही पिवळाच. त्याचे कपाळ उभे असल्यामुळे डोक्याची रेषा लालसरीहून वेगळी पडते, आणि शिंपल्या-गोगलगायींची आवड असल्यामुळे ते काहीशा अधिक खोल पाण्यातही जाते. तिसरे बदक या सर्वांहून लहान, गर्द तांबूस-तपकिरी रंगाचे, डोक्याचा मध्य उंचावलेले. त्याच्या नराचा डोळा पांढरा आणि नर-मादी दोघांच्याही शेपटीखालचा भाग पांढराफेक. हे विरळ असते आणि लव्हाळ्यांच्या आडोशाला राहणे पसंत करते. मोकळ्या पाण्यावरील थव्यात एखादे दिसल्यासारखे वाटले तर शेपटीखालच्या पांढऱ्या रंगाची खातरजमा केल्यावाचून नोंद करू नये, कारण शेंडी बदकाच्या काही माद्यांनाही तेथे थोडा पांढरा रंग असतो.

राहिला वारकरी. तो बदक नव्हेच, पाणकोंबड्यांच्या कुळातला. पण लालसरीच्या थव्यात त्याची शेकड्यांनी भरती असते आणि तोही बुडी मारतो, म्हणून दुरून पाहणाऱ्याची मोजदाद चुकते. अंग काळे, कपाळ व चोच पांढरी, पोहताना मान पुढेमागे हलते. आणि बुडी मारून परतताना तो बुचासारखा टपकन वर येतो, तर लालसरी पाण्यातून संथपणे वर सरकते. वारकऱ्याने तळाची वनस्पती उपसून वर आणली की बुडी न मारणारी बदके आजूबाजूला जमून ती त्याच्या तोंडची लांबवतात, हाही एक करमणुकीचा भाग.

ठिकाणांबद्दल फार लिहीत नाही, कारण आपल्या जिल्ह्यातला जवळचा तलाव हेच निरीक्षकाचे पहिले ठिकाण. तरी ज्यांना मोठे थवे पाहायचे असतील त्यांनी पैठणचा नाथसागर गाठावा. १९७६ मध्ये पुरे झालेल्या जायकवाडी धरणाच्या मागे सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेले हे उथळ पाणी बुडी मारणाऱ्या बदकांना मानवते, आणि १९८६ पासून त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. पण विस्तार एवढा की साध्या दुर्बिणीला ते ठिपक्यांपलीकडे काही दाखवीत नाही. नवख्याला निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर अधिक सोयीचे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील या जुन्या बंधाऱ्याचा जलाशय गाळाने भरत आल्यामुळे पाणी उथळ आणि वनस्पतींनी समृद्ध झाले आहे, चापडगावच्या बाजूला निरीक्षणासाठी मनोरे आहेत, आणि २०२० मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत नोंदले गेलेले ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण. भिगवणचा उजनी फुगवटा सर्वांना ठाऊक आहे. विदर्भात भंडारा-गोंदिया भागातील तलाव, विशेषतः कोहळी समाजाने बांधलेला नवेगावबांध, मोठ्या लालसरीसाठी पाहावा; मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत याच परिसरात वर्षे काढली, आणि पाखरांची जी स्थानिक नावे आज पुस्तकांतून वाचायला मिळतात त्यांतील पुष्कळशी त्यांनी अशाच तलावांवरच्या माणसांच्या तोंडून गोळा केलेली आहेत.

वेळेविषयी मात्र सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण येथे बहुतेकांची निराशा होते. लालसरी प्रामुख्याने पहाटे, संध्याकाळी आणि रात्री चरते. सकाळी नऊनंतर जो निरीक्षक मोठ्या उत्साहाने येऊन पोहोचतो त्याला झोपलेला थवाच पाहावा लागतो. बुडी पाहायची असेल तर उजाडण्यापूर्वी काठावर बसलेले असावे, किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास राखून ठेवावा. जागा अशी निवडावी की सूर्य पाठीशी राहील. म्हणजे सकाळी पूर्वेचा काठ, संध्याकाळी पश्चिमेचा. वारा जोराचा असेल तर थवा आडोशाच्या बाजूला सरकतो, हेही लक्षात घ्यावे. आठ पटींची, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण बहुतेक कामांना पुरते. दहा पटींची घेण्याचा मोह होतो, पण हात हलू लागला की अधिक पटींचा लाभ उरत नाही. मोठ्या जलाशयावर तिपाईवर बसवायची एकनळी दुर्बीण मिळाली तर उत्तम. ती नसेल तर दोघातिघांनी मिळून घ्यावी.

नावेने जावे की नाही, हा वादाचा प्रश्न आहे. नाव चालवणाऱ्यांच्या पोटापाण्याचा विचार करता तिला सरसकट विरोध करणे मला पटत नाही. परंतु छायाचित्राच्या हौसेने नाव थव्यावर नेऊन घालण्याची जी वहिवाट काही ठिकाणी पडली आहे ती बंद व्हायला हवी. दिवसा झोप आणि रात्री चारा हा या पक्ष्याचा नेम. ज्याची झोप दिवसातून चारदा मोडते त्याने मार्चमधील परतीच्या लांब प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची केव्हा? थव्यातील माना एकदम उभ्या झाल्या आणि पक्षी एका दिशेने सरकू लागले की आपण हद्द ओलांडली असे समजून नाव थांबवायला सांगावी. नावाड्याला दोन पैसे अधिक द्यावेत आणि दूर राहण्यासाठीच ते दिले आहेत असे सांगावे.

ओळख पटल्यावर पाहायचे काय? एकच नर निवडावा, घड्याळ हाती घ्यावे, आणि तो किती सेकंद पाण्याखाली राहतो व दोन बुड्यांमध्ये किती सेकंद वर थांबतो हे एका मागून एक लिहीत जावे. उथळ आणि खोल पाण्यात हे आकडे बदलतात का, वर येताना त्याच्या चोचीत काही असते का, मादीची बुडी नराहून आखूड असते का, असे प्रश्न आपोआप सुचू लागतात.

मोजणीत बुडी मारणारे पक्षी एक विशेष अडचण उभी करतात: चरत्या थव्यातील काही पक्षी कोणत्याही क्षणी पाण्याखालीच असतात. म्हणून अशा थव्याची मोजणी एकदा करून थांबू नये. थोड्या थोड्या वेळाने तीनचार वेळा करावी आणि सर्वांत मोठा आकडा ग्राह्य धरावा. झोपलेल्या थव्यात ही अडचण नाही, तेव्हा नुसती संख्या हवी असेल तर दुपारची वेळच बरी. मोठा थवा असेल तर प्रथम दहा, मग शंभर पक्षी डोळ्यांनी वेगळे काढून त्यांनी व्यापलेली जागा ध्यानात घ्यावी आणि त्या मापाने उरलेला थवा मोजावा.

आणि मोजताना नर व मादी वेगवेगळे मोजावेत, ही माझी सर्वांत निकडीची सूचना. हिवाळी स्थलांतरात या जातीच्या माद्या नरांपेक्षा अधिक दक्षिणेकडे जातात, हे युरोपातील निरीक्षणांवरून सिद्ध आहे. म्हणजे एखाद्या तलावावर नरांचे प्रमाण काय, हा आकडा तो तलाव त्यांच्या प्रवासात कोणत्या टप्प्यावर येतो हे सांगू शकतो. शिवाय युरोप व उत्तर आफ्रिकेतील गणनांत नरांचे प्रमाण १९८९-९० मधील सुमारे ६२ टक्क्यांवरून २०१६ मध्ये सुमारे ७१ टक्क्यांपर्यंत चढलेले आढळले. घरट्यावर बसलेल्या माद्या हिंस्र प्राण्यांना अधिक बळी पडत असाव्यात, असा एक तर्क त्यावर मांडला जातो. २०१५ पासून ही जात धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत असुरक्षित म्हणून नोंदली आहे. लालसरीचा नर दुरूनही ओळखू येत असल्यामुळे हे काम कोणत्याही हौशी माणसाच्या आवाक्यातले आहे, आणि तरीही आपल्याकडच्या याद्यांत बहुधा नुसती एकूण संख्या लिहून मोकळे होण्याची पद्धत आहे. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे. आपल्या तलावाची नोंद तिच्यात जावी, आणि एरवीच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर घालताना शेऱ्याच्या रकान्यात नर किती, माद्या किती, आणि किती पक्ष्यांचे लिंग ओळखता आले नाही, हे तिन्ही आकडे लिहावेत. तिसरा आकडा लिहिण्यात कमीपणा मानू नये; तो नसेल तर पहिल्या दोहोंवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

तपशिलाच्या वहीत आणखी एक रकाना ठेवावा, तो जाळ्यांचा. मासे धरण्यासाठी पाण्यात उभी लावलेली बारीक धाग्याची जाळी बुडी मारणाऱ्या पक्ष्याला खाली दिसत नाहीत, आणि त्यात अडकलेला पक्षी वर येऊ न शकल्याने गुदमरतो. असा पक्षी आढळल्यास जाळे स्वतः कापू नये, कारण ते कोणाचे तरी पोट असते आणि एकदा तेथील लोकांशी वाकडे आले की पुढची निरीक्षणे संपलीच. जाळ्याचा मालक जवळ असेल तर त्याला बोलवावे, नसेल तर वनखात्याला कळवावे. तारीख, जागा, पाण्याची अदमासे खोली आणि जाळे संध्याकाळी लावलेले होते की सकाळी, एवढे लिहून ठेवावे. लालसरी रात्री चरत असल्यामुळे रात्रभर लावलेली जाळी तिला अधिक घातक ठरतात का, याचे उत्तर अशा नोंदी साठल्यावर तलावागणिक देता येईल, आणि मच्छीमार सहकारी संस्थेपुढे जाळ्यांच्या वेळांविषयी काही मागणे मांडायचे झाले तर हातात दाखवायला तीच वही असेल.